फादरांचा टेक-शो: परवानगी, पैसा, माईक आणि कॉलर

प्रश्न: पॅचकेबल

एका धर्मसंघातले फादर दर आठवड्याला ४५ मिनिटांचा तंत्रज्ञानाचा कार्यक्रम सुरू करणार आहेत. नेटवर्किंग, सायबर सुरक्षा, घरगुती सर्व्हर आणि अधूनमधून उपकरणांची परीक्षणं असं स्वरूप आहे. प्रवचन नाही, बायबलवर चर्चा नाही. कार्यक्रम थेट दाखवायचा आणि मग ध्वनिमुद्रण पॉडकास्ट म्हणून फीडवर (श्रोत्यांच्या अॅपना नवे भाग कळवणाऱ्या यादीवर) टाकायचं. सहनिवेदक दुसऱ्या ठिकाणाहून इंटरनेटवरून बोलणार. निर्मितीची बाजू माझ्याकडे आहे.

माझ्या शंका अशा:

विषय धार्मिक नसला तरी वरिष्ठांची लेखी परवानगी लागते का? प्रायोजकाचे पैसे कुणाच्या नावावर घ्यायचे? परीक्षणासाठी कंपन्या उपकरणं पाठवतात, त्यांचं काय? फादर काळा शर्ट आणि पांढरी कॉलर घालूनच बसणार आहेत. चाचणीत चेहरा भाजल्यासारखा पांढराफटक दिसतो आणि शर्टात चौकटी पडतात. कॉलर माईकमधून सारखी खरखर येते. आणि शेवटचं: प्रेक्षक खाजगी संदेशात वैयक्तिक गोष्टी लिहायला लागले तर?

---

उत्तर: तळटीप

परवानगी लागते, पण बहुतेकांना वाटतं त्या कारणासाठी नाही.

धर्मसंघीयाने धर्म किंवा नीतीविषयक लिखाण प्रकाशित करताना मुख्य वरिष्ठांची परवानगी घ्यावी, असं कॅनन (कॅथॉलिक चर्चच्या कायद्यातलं कलम) ८३२ सांगतो. रेडिओ-टीव्हीवर कॅथॉलिक शिकवण किंवा नीती यांवरच्या कार्यक्रमांत धर्मगुरूंनी भाग घेण्याचे नियम बिशप परिषदेने ठरवावेत, असं कॅनन ८३१ च्या दुसऱ्या परिच्छेदात आहे. व्हीलॅन (एकाच नेटवर्कमधला आभासी वेगळा भाग) कसं मांडावं हे यातल्या कशातच बसत नाही. मात्र कॅनन ६७१ बसतो: संघाबाहेरचं काम किंवा पद वरिष्ठांच्या परवानगीशिवाय स्वीकारायचं नाही. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी, दुसऱ्याच्या व्यासपीठावर, प्रायोजकासह चालणारा कार्यक्रम हे कामच झालं. फादर धर्मसंघी नसून धर्मप्रांताचे असते तर हाच विषय बिशपांकडे गेला असता.

तोंडी होकारावर थांबू नका. वरिष्ठ बदलतात आणि नव्यांना आधीचं बोलणं माहीत नसतं. एक पानाचं पत्र पुरतं. त्यात कार्यक्रमाचा विषय, आठवड्याला किती तास जाणार (४५ मिनिटांच्या भागामागे तयारी धरून आठ-दहा तास सहज जातात), उत्पन्न कुठे जमा होणार, कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार कुणाचा आणि वर्षभराने फेरविचार, एवढं यावं. शिवाय एक वाक्य जरूर घाला: कृत्रिम बुद्धिमत्ता, पाळत ठेवणारं तंत्रज्ञान, जनुकीय बदल अशा विषयांवर नीतीचा प्रश्न निघाला तर फादर कितपत बोलू शकतात. आज राउटरचा कार्यक्रम असला तरी महिन्याभरात कुणीतरी डीपफेकबद्दल विचारणारच, आणि तिथे ८३१ आणि ८३२ लागू होऊ शकतात. 'अँटिक्वा एट नोवा' हे कृत्रिम बुद्धिमत्तेवरचं व्हॅटिकनचं टिपण जानेवारी २०२५ मध्ये आलं आहे. फादरांनी ते आधीच वाचून ठेवावं, म्हणजे थेट कार्यक्रमात चाचपडावं लागणार नाही.

आता पैसा. इथे खरी गुंतागुंत आहे. धर्मसंघीय स्वतःच्या श्रमाने जे मिळवतो ते संघासाठी मिळवतो (कॅनन ६६८, परिच्छेद ३). दारिद्र्यव्रताचा तो सरळ परिणाम आहे. त्यामुळे मानधन फादरांच्या वैयक्तिक खात्यात घेऊन 'नंतर संघाला देऊ' हा मार्ग चुकीचा. प्रायोजकाशी करार संघाच्या नोंदणीकृत संस्थेने करायचा, बिल तिनेच पाठवायचं, कर तिनेच भरायचा. दुसरं, धर्मगुरूंना अधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय व्यापार-धंदा करायला कॅनन २८६ ची मनाई आहे, मग तो स्वतः केलेला असो की दुसऱ्यामार्फत, स्वतःसाठी असो की इतरांसाठी. ६७२ मुळे ती धर्मसंघीयांनाही लागू होते. कार्यक्रमादरम्यान वाचलेली जाहिरात आणि दुव्यावरून झालेल्या प्रत्येक विक्रीमागे मिळणारं कमिशन या दोन्हींत मी फरक करीन. पहिलीत कार्यक्रमाला आधार मिळतो. दुसरीत निवेदक विक्रेता होतो, आणि त्याच वस्तूचं परीक्षणही तोच करत असतो. कमिशनचे दुवे घेऊच नका असं माझं स्पष्ट मत आहे.

कॅमेरा-मिक्सर हप्त्यांवर घेणार असाल तर फादरांना जामीनदार करू नका. स्वतःच्या मालमत्तेवरसुद्धा वरिष्ठांना न विचारता जामीन राहायला कॅनन २८५ ची बंदी आहे.

करारात तीन अटी असाव्यात. जाहिरातीचा मजकूर बदलण्याचा आणि नाकारण्याचा हक्क आपला. 'मी स्वतः वापरतो' हे वाक्य खरं असेल तरच वाचलं जाईल. आणि फादरांचा फोटो, कॉलर किंवा 'फादर' ही उपाधी प्रायोजक स्वतःच्या जाहिरातीत वापरणार नाही. तिसरी अट कंपन्या बहुधा आपणहून घालत नाहीत, पण मागितली तर सहसा हरकत घेत नाहीत.

परीक्षणाची उपकरणं उसनी घ्यायची आणि परत करायची. मुदत आणि परतीचा खर्च कुणाचा हे ईमेलवर ठरवून घ्या. परत नको म्हणाले तर वस्तू संघाच्या साठ्यात नोंदवा आणि कार्यक्रमात तसं सांगा.

वरिष्ठांना 'हे धर्मगुरूचं काम आहे का?' असं वाटलं तर इतिहास हाताशी आहे. व्हॅटिकन रेडिओ १२ फेब्रुवारी १९३१ ला सुरू झाला. यंत्रणा मार्कोनीने उभारली आणि पहिले संचालक होते जेझुइट (येशूसंघ या धर्मसंघाचे) पदार्थविज्ञानी जुझेप्पे जानफ्रान्चेस्की. जेझुइट रोबेर्तो बुसा १९४९ मध्ये आयबीएमच्या थॉमस वॉटसनना भेटले आणि संत थॉमस अक्वायनसच्या लिखाणातल्या सुमारे १ कोटी १० लाख शब्दांची सूची त्यांनी पंचकार्डांपासून सुरुवात करून यंत्रावर तयार केली. तुमच्या कामाला सगळ्यात जवळचं उदाहरण जेझुइट रॉबर्ट बॅलेसर यांचं आहे. 'डिजिटल जेझुइट' म्हणून ते ओळखले जातात. लिओ लापोर्ट यांच्या ट्विट या पॉडकास्ट नेटवर्कवर त्यांनी कॉर्पोरेट तंत्रज्ञानावरचा 'धिस वीक इन एंटरप्राइझ टेक' आणि स्वतः वस्तू बनवायला शिकवणारा 'नो हाऊ' हे कार्यक्रम केले. पुढे रोममध्ये काम करताना २०१९ मध्ये त्यांनी माइनक्राफ्ट या गेमचा सर्व्हरही चालवला. पोप सोळावे बेनेडिक्ट यांचा २०१० चा जागतिक संप्रेषण दिनाचा संदेश तर डिजिटल जगातल्या धर्मगुरूवरच आहे. पत्रासोबत तो जोडा.

---

उत्तर: डेसिबल

कॅमेऱ्याबद्दल आधी. चूक शर्टाची नाही, ऑटो एक्सपोजरची आहे. दृश्याचा मोठा भाग काळा असला की कॅमेरा सगळं दृश्य उजळ करतो, त्यात चेहरा जळतो आणि कॉलर पूर्ण पांढरी होऊन तिचे तपशील जातात. एक्सपोजर, आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही मॅन्युअलवर न्या. ३० फ्रेमला शटर १/६० ठेवा. दिवे ५० हर्ट्झच्या विजेवर लुकलुकत असतील तर १/५०. झेब्रा (जास्त उजळ भागावर पट्टे दाखवणारी कॅमेऱ्याची सोय) असेल तर तो ९५ टक्क्यांवर लावा आणि कॉलरवर पट्टे दिसेनासे होईपर्यंत आयएसओ किंवा लेन्सचं छिद्र कमी करा. मग चेहऱ्यावरचा दिवा जवळ आणून चेहरा ६० ते ७० टक्क्यांवर न्या. हा क्रम उलटा केला की कॉलर पुन्हा जळते.

शर्टातल्या चौकटी कॉम्प्रेशनमुळे येतात. गडद, सपाट भागाला एन्कोडर फारच कमी बिट देतो. त्यात आयएसओ जास्त असेल तर काळ्यात नॉईज असतो आणि बिट त्यातच खर्ची पडतात. म्हणून आयएसओ खाली, प्रकाश जास्त. मागून तिरपा एक छोटा दिवा खांद्यांवर टाका. काळा शर्ट काळ्या पार्श्वभूमीत विरघळला तर डोकं हवेत तरंगल्यासारखं दिसतं. पार्श्वभूमी करडी किंवा लाकडी ठेवा. १०८०पी, ३० फ्रेम, एच.२६४ ला ६ एमबीपीएस स्थिर बिटरेट आणि दर २ सेकंदांनी कीफ्रेम (पूर्ण चित्र असलेली फ्रेम). अपलोड निदान १२ एमबीपीएस हवा, आणि तो वायरने. मठात किंवा सामुदायिक निवासात संध्याकाळी सगळ्यांचे फोन एकदम फोटोंचा बॅकअप घेऊ लागतात, तेव्हा आकड्यात वेग पुरेसा दिसूनही फ्रेम गळतात, कारण राउटरच्या बफरमध्ये रांग लागते. राउटरमध्ये एसक्यूएम (ही रांग आटोक्यात ठेवणारी सोय) असेल तर अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ९० टक्क्यांवर बांधा.

आता खरखर. रोमन कॉलरच्या शर्टाला कोटासारखी लॅपल नसते, म्हणून लोक लॅव्हेलियर (कपड्याला लावायचा छोटा माईक) थेट कॉलरच्या कडेला लावतात. तिथे दोन गोष्टी होतात. मान वळवली की जबडा आणि दाढीचे खुंट प्लास्टिकच्या पट्टीवर घासतात आणि ती पट्टी आवाज थेट माईकमध्ये नेते. शिवाय माईक हनुवटीच्या सावलीत येतो आणि वरच्या वारंवारिता दबतात. लॅव्हेलियर वापरायचाच असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या बटणाच्या मध्ये, हनुवटीपासून १५ ते २० सेंटिमीटर खाली लावा. केबलचा एक छोटा फास करून तो आतून टेपने चिकटवा, म्हणजे ताण माईकपर्यंत जात नाही. गळ्यात साखळीचा क्रूस असेल तर तो शर्टाच्या खिशात. तोही क्लिपवर आपटतो.

पण बसून करायच्या कार्यक्रमाला लॅव्हेलियर कशाला? आर्मवर डायनॅमिक माईक, ओठांपासून ५ ते ८ सेंटिमीटर, तोंडाच्या किंचित बाजूने. एसएम७बी सारखा कमी संवेदनशील माईक असेल तर ६० डेसिबलच्या आसपास स्वच्छ गेन (आवाजाची वाढ) देणारा, माईक संगणकाला जोडणारा इंटरफेस लागेल. स्वस्त इंटरफेसवर तेवढा गेन दिला की 'स्स' असा आवाज ऐकू येतो. खोली उंच छताची, दगडी भिंतींची असेल तर कंडेन्सर माईक अजिबात नको. नॉईज गेटने घुमणारा आवाज जात नाही. गेट फक्त शब्दांच्या मधली जागा कापतो, घुमणं शब्दांवरच बसलेलं असतं. बोलणाऱ्याच्या मागच्या आणि समोरच्या भिंतीला जाड रजया टांगा आणि माईक जवळ आणा. त्यातलं माईक जवळ आणणं जास्त उपयोगी.

सहनिवेदक दूर असल्याने तीन सवयी लावून घ्या. त्याला 'मिक्स-मायनस' पाठवा, म्हणजे त्याचा स्वतःचा आवाज सोडून बाकी सगळं. नाहीतर त्याला स्वतःचा प्रतिध्वनी अर्ध्या सेकंदाने ऐकू येतो आणि तो बोलताना अडखळतो. दोघांनीही आपापल्या यंत्रावर वेगळं ध्वनिमुद्रण करा आणि पॉडकास्टला तेच वापरा. कॉलवरचा आवाज फक्त थेट प्रसारणापुरता. आणि सुरुवातीला व शेवटी टाळी वाजवा. दोन यंत्रांच्या घड्याळांत ५० पीपीएमचा (दहा लाखांत ५० भाग) फरक असला तर ४५ मिनिटांत १३५ मिलिसेकंद, म्हणजे चार फ्रेमची तफावत पडते. सुरुवातीची टाळी जुळवून शेवटची जुळत नसेल तर एक ट्रॅक त्या प्रमाणात ताणायचा. दोघांचंही सॅम्पलिंग ४८ किलोहर्ट्झ असू द्या. एकाचं ४४.१ असेल आणि ते ४८ समजून चाललं तर ४५ मिनिटांचा ट्रॅक ४१ मिनिटं २० सेकंदांतच संपतो आणि आवाज चिरका होतो.

फीडवर टाकताना मोनोला उणे १९ लफ्स (आवाजाच्या जाणवणाऱ्या पातळीचं माप), स्टिरिओला उणे १६, ट्रू पीक उणे १. निव्वळ बोलण्याला मोनो ९६ केबीपीएसचा एमपी३ पुरेसा आहे. ४५ मिनिटांची फाइल साधारण ३२ एमबी होते.

---

उत्तर: कुलूपबंद

शेवटची शंका सगळ्यात गंभीर आहे. ती निर्मितीच्या तांत्रिक रचनेतच सोडवावी लागेल, फादरांच्या सद्सद्विवेकावर सोपवून चालणार नाही.

इंटरनेटवर साक्रामेंत (चर्चचे पवित्र संस्कार) होत नाहीत, हे चर्चने फेब्रुवारी २००२ च्या 'चर्च आणि इंटरनेट' या दस्तऐवजात स्पष्ट केलं आहे. म्हणजे संदेशातून कुमसार (पापांची कबुली) घेता येत नाही. पण लिहिणाऱ्याला ते माहीत नसतं. तो विश्वासाने लिहितो, आणि तो इनबॉक्स उघडता तुम्ही. म्हणून प्रश्न पाठवायच्या फॉर्मवर आणि प्रोफाइलवर ठळक ओळ हवी: इथले संदेश निर्मितीची सगळी टीम वाचते, वैयक्तिक किंवा आध्यात्मिक बाबींसाठी इथे लिहू नका, जवळच्या धर्मगुरूंना प्रत्यक्ष भेटा. हीच ओळ स्वयंचलित उत्तरातही जावी. थेट चॅटमध्ये कुणी असं काही लिहू लागलं तर मॉडरेटरने ते लगेच काढायचं, त्यावर कुणी टिप्पणी करायची नाही, आणि त्या व्यक्तीला एक ठरलेलं उत्तर खाजगीत पाठवायचं. आत्महत्येचा उल्लेख असेल तर मदतवाहिनीचा क्रमांक आधीच त्या उत्तरात तयार असावा.

कार्यक्रमाचा संगणक वेगळा. त्यावर फादरांचं वैयक्तिक ईमेल नाही, मेसेजिंग अॅप नाही, फोनचं मिररिंग नाही, क्लाउडवरून समक्रमित होणारा क्लिपबोर्ड नाही. स्क्रीन दाखवत असताना कोपऱ्यात आलेली एक सूचना कुणाच्या तरी घरातली गोष्ट शेकडो लोकांपुढे नेते. 'व्यत्यय नको' चालू ठेवण्यावर विसंबू नका, अपडेटनंतर ते बंद झालेलं असतं. स्वतंत्र यूजर खातंही चालेल, पण स्वतंत्र यंत्र उत्तम.

आता परीक्षणाच्या उपकरणांचा मुद्दा. स्मार्ट स्पीकर, आवाज टिपून सारांश लिहिणारी पिन, कॅमेऱ्याचे चष्मे, बैठकीत आपणहून सामील होणारा नोंदी घेणारा बॉट: ही वापरून पाहायची तर दिवसभर जवळ बाळगावी लागतात. धर्मगुरूच्या बाबतीत हे चालणार नाही. प्रायश्चित्त संस्कारात, म्हणजे कुमसारात, बोललेलं तांत्रिक साधनाने मुद्रित करणं हा कॅनन १३८६ च्या तिसऱ्या परिच्छेदानुसार शिक्षापात्र गुन्हा आहे. चर्चच्या कायद्याचं सुधारित सहावं पुस्तक, ज्यात हा कॅनन येतो, ८ डिसेंबर २०२१ पासून लागू आहे. चुकून झालेलं मुद्रण हा गुन्हा ठरेल की नाही हा वेगळा वाद, पण ज्याचा आवाज परक्या सर्व्हरवर गेला त्याच्या दृष्टीने नुकसान तेच. म्हणून असं उपकरण स्टुडिओच्या खोलीबाहेर जाणार नाही, चाचणी संपली की वीज काढलेली असेल, आणि फादर ते घालून चर्चमध्ये किंवा भेटीच्या खोलीत पाऊल टाकणार नाहीत. म्यूटचं बटण म्हणजे बंद नव्हे. काही उपकरणांत ते फक्त सॉफ्टवेअरचं असतं. आध्यात्मिक मार्गदर्शनाचे व्हिडिओ कॉल ज्या खात्यावरून होतात, त्या कॅलेंडरला कुठलाही बॉट जोडू नका.

चाचणीच्या उपकरणांना वेगळं व्हीलॅन द्या, तिथून इंटरनेटला जाता येईल पण निवासातल्या प्रिंटर, एनएएस (नेटवर्कवरची सामायिक साठवण) आणि इतरांच्या लॅपटॉपपर्यंत पोचता येणार नाही. घरातल्या बाकीच्यांनी परीक्षणाला संमती दिलेली नाही, हे लक्षात ठेवा. हेच व्हीलॅन दुसऱ्या भागाचा विषयही होऊ शकतं.

---

उत्तर: रेषेबाहेर

कॉलरबद्दल थोडं वेगळं. फादर ज्या संघाचे आहेत त्याचा स्वतंत्र झगा नसेल (जेझुइटांचा नाही) तर त्या त्या बिशप परिषदेने ठरवलेला धर्मगुरूंचा पोशाख लागू होतो, तेव्हा काळा शर्ट योग्यच. पण कॉलरमुळे प्रेक्षक तांत्रिक विधानांवरही जरा जास्तच विश्वास ठेवतात. 'फादर म्हणाले' म्हणून कुणी फायरवॉलचा नियम बदलला आणि बाहेरून पोर्ट उघडा राहिला, तर नुकसान त्याचं. म्हणून दर भागाच्या नोंदीत उपकरणाचं मॉडेल, फर्मवेअरची आवृत्ती, चाचणीची तारीख आणि चाचणीची पद्धत द्या. वायफायच्या वेगाचा आकडा सांगताना अंतर, मधल्या भिंती, चॅनेलची रुंदी आणि आयपर्फ (वेग मोजायचं साधन) किती सेकंद चालवलं हेही सांगा. दुरुस्ती असेल तर ती पुढच्या भागाच्या सुरुवातीला, शेवटी नाही, आणि जुन्या भागाच्या वर्णनातही. व्हीपीएनची जाहिरात वाचायची झाली तर 'पूर्ण निनावी राहा' सारखी वाक्यं काढून टाका. ती खोटी आहेत आणि फादरांच्या तोंडी तर अजिबात नकोत.

पहिल्या भागात ओळख एका वाक्यात करा आणि विषयाला लागा. पवित्र आठवड्यात फादर मोकळे नसतील. गुड फ्रायडे दरवर्षी २० मार्च ते २३ एप्रिल यांच्या दरम्यान फिरतो, तेव्हा त्या सुमारासाठी ताज्या बातम्यांवर अवलंबून नसलेले दोन भाग (सबनेटिंग, बॅकअपची तपासणी असे) आधी मुद्रित करून ठेवा.

---

पॅचकेबल

कॅमेऱ्याचा क्रम उलटाच होता, तो आता कळला. करारातली तिसरी अट आणि चाचणीचं वेगळं व्हीलॅन दोन्ही घेतो. एकच राहिलं: फादरांची दोन-तीन वर्षांत बदली होऊ शकते. तेव्हा चॅनेल आणि फीडचं काय करायचं?

---

उत्तर: तळटीप

हे पहिल्या भागाआधी ठरवा. डोमेन, फीड आणि चॅनेल संघाच्या संस्थेच्या ईमेलवर नोंदवा, फादरांच्या किंवा तुमच्या वैयक्तिक पत्त्यावर नको. द्विस्तरीय पडताळणी फादरांच्या फोनवर बांधू नका, कारण बदली दुसऱ्या देशात झाली की नंबर जातो. दोन हार्डवेअर किल्ल्या (लॉगिनच्या पडताळणीची छोटी उपकरणं) नोंदवा, एक स्टुडिओत आणि एक संस्थेच्या कार्यालयात कुलपात. रिकव्हरी कोड छापून कार्यालयातल्या किल्लीसोबत ठेवा. सहनिवेदकाला सुरुवातीपासून बरोबरीने बोलू द्या, म्हणजे फादर गेले तरी कार्यक्रम चालवायला माणूस तयार असेल. फादर नव्या ठिकाणाहून जोडले जाणार असतील तर तिथल्या वरिष्ठांचं पत्र नव्याने घ्या.

फीडचा पत्ता बदलावा लागला तर जुन्या पत्त्यावर ३०१ रीडायरेक्ट (नव्या पत्त्यावर कायमचं वळवणं) लावा आणि फीडमध्ये नव्या पत्त्याचा 'न्यू-फीड-यूआरएल' टॅग घाला. दोन्ही निदान चार आठवडे ठेवा, जुनं होस्टिंग त्याआधी बंद करू नका. आणि प्रत्येक भागाचा जीयूआयडी (फीडमधला त्याचा ओळखक्रमांक) जसाच्या तसा राहील याची खात्री करा. तो बदलला तर जुने सगळे भाग श्रोत्यांच्या अॅपमध्ये नवे म्हणून पुन्हा उतरतात.